सीमापार संबंधांच्या अभ्यासातील नवे विदास्रोत

सीमापार संबंधांच्या अभ्यासातील नवे विदास्रोत म्हणजे दोन किंवा अधिक देशांमधील माणसे, माल, पैसा, ज्ञान आणि सामाजिक नाती यांची देवाणघेवाण समजून घेण्यासाठी वापरली जाणारी, पण मुळात त्या हेतूने गोळा न केलेली माहिती. मोबाइल कंपन्यांच्या नोंदी, समाजमाध्यमांच्या जाहिरात यंत्रणांतील आकडे, जहाजांचे रेडिओ संकेत, उपग्रहचित्रे, फुटलेली वित्तीय कागदपत्रे, संशोधनलेखांवरील लेखकांचे पत्ते आणि अंकीकृत ऐतिहासिक अभिलेख ही या स्रोतांची प्रमुख उदाहरणे आहेत. लोकसंख्याशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल, समाजशास्त्र आणि इतिहास या विद्याशाखांमध्ये एकविसाव्या शतकात त्यांचा वापर वाढला.

जनगणना, सीमाशुल्क विभागाची आकडेवारी, पारपत्रांच्या नोंदी यांसारखे पारंपरिक स्रोत एका राज्यसंस्थेच्या हद्दीपुरते असतात. नव्या स्रोतांमुळे दोन देशांच्या आकडेवारीच्या मधल्या फटीत राहून गेलेल्या अनेक गोष्टी मोजता येऊ लागल्या. मात्र प्रत्येक नव्या स्रोताला तो ज्या कामासाठी निर्माण झाला त्या कामाच्या मर्यादा असतात. त्यामुळे त्यात कोण दिसते याबरोबरच कोण दिसत नाही हे ठरविणे या अभ्यासपद्धतीत मध्यवर्ती मानले जाते.

पार्श्वभूमी

स्थलांतराच्या संख्यात्मक अभ्यासाचा आरंभ सामान्यतः अर्न्स्ट गेऑर्ग राव्हेनस्टाइन या भूगोलतज्ज्ञाने १८८५ मध्ये मांडलेल्या ‘स्थलांतराच्या नियमां’पासून मानला जातो. ब्रिटनच्या जनगणनेत नोंदविलेली जन्मस्थाने हा त्याचा आधार होता. तेव्हापासून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जनगणनेतील जन्मस्थान हाच स्थलांतराच्या अभ्यासाचा मुख्य पुरावा राहिला.

या पुराव्याच्या तीन अडचणी आहेत. पहिली अडचण काळाची. बहुतेक देशांत जनगणना दहा वर्षांनी होते. दुसरी अडचण व्याख्येची. संयुक्त राष्ट्रांच्या १९९८ च्या शिफारशींनुसार नेहमीचे वास्तव्य असलेला देश सोडून किमान बारा महिन्यांसाठी दुसऱ्या देशात गेलेली व्यक्ती ही दीर्घकालीन स्थलांतरित होय. परंतु प्रत्यक्षात देशोदेशी वेगवेगळ्या मुदती आणि निकष वापरले जातात. तिसरी अडचण ‘साठा’ आणि ‘प्रवाह’ यांतील फरकाची. एखाद्या देशात परदेशी जन्मलेले किती लोक राहतात हा साठा होय, तर एका ठरावीक काळात किती लोक आले-गेले हा प्रवाह होय. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगात सुमारे ३०.४ कोटी लोक जन्मदेशाबाहेर राहत होते. हा साठ्याचा आकडा आहे. ते कधी आले, मध्ये कोठे राहिले आणि किती जण परतले हे त्यातून कळत नाही.

गाय एबेल आणि निकोला झांडर यांनी २०१४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात १९६ देशांमधील १९९० ते २०१० या काळातील प्रवाहांचे अंदाज प्रसिद्ध केले. लागोपाठच्या साठ्यांमधील फरकावरून प्रवाह काढण्याची ही पद्धत होती. दर पाच वर्षांत स्थलांतर करणाऱ्यांचे प्रमाण १९९५ नंतर जागतिक लोकसंख्येच्या सुमारे ०.६ टक्के इतके स्थिर राहिले, असे त्यांना आढळले. या कामाने पारंपरिक स्रोतांची ताकद दाखविली, तशीच त्यांची मर्यादाही स्पष्ट केली, कारण पाच वर्षांपेक्षा लहान कालखंडाबद्दल त्यातून काही सांगता येत नव्हते.

याच काळात सामाजिक शास्त्रांत एका वैचारिक प्रश्नाचीही चर्चा होत होती. आन्द्रेआस विमर आणि नीना ग्लिक शिलर यांनी २००२ मध्ये ‘पद्धतिशास्त्रीय राष्ट्रवाद’ या प्रवृत्तीची सविस्तर चिकित्सा केली. राष्ट्र-राज्य हेच समाजाचे नैसर्गिक एकक आहे असे गृहीत धरून अभ्यास केल्यास सीमा ओलांडून जगणारी कुटुंबे, व्यापारी जाळी आणि समुदाय अपवाद ठरतात, असा या चिकित्सेचा आशय होता. आकडेवारी देशागणिक गोळा होत असल्यामुळे ही प्रवृत्ती अधिक बळकट होते.

लोकांचे स्थलांतर

ई-मेल आणि समाजमाध्यमे

एमिलिओ झाघेनी आणि इंगमार वेबर यांनी २०१२ मध्ये याहू या कंपनीच्या ई-मेल सेवेतील निनावी केलेल्या नोंदींवरून स्थलांतराचे दर काढण्याचा प्रयत्न केला. संदेश ज्या संगणकीय पत्त्यावरून पाठविला गेला त्यावरून वापरकर्त्याचा देश ठरविता येत होता; तो देश दीर्घकाळासाठी बदलला, तर त्या व्यक्तीने स्थलांतर केले असे मानले गेले. वय आणि लिंग ही माहिती वापरकर्त्याने खाते उघडताना दिलेली होती. इंटरनेटचा प्रसार कमी असलेल्या देशांतील वापरकर्ते सर्वसामान्य लोकसंख्येचे प्रतिनिधित्व करत नाहीत, ही अडचण ओळखून त्यांनी उपलब्ध युरोपीय आकडेवारीच्या साह्याने दुरुस्तीचे गुणक सुचविले.

पुढे झाघेनी, वेबर आणि कृष्णा गुम्मादी यांनी २०१७ मध्ये फेसबुकच्या जाहिरात यंत्रणेचा उपयोग केला. जाहिरात देण्यापूर्वीच ही यंत्रणा, विशिष्ट ठिकाणी राहणारे आणि पूर्वी अमुक देशात राहिलेले वापरकर्ते अंदाजे किती आहेत, हे जाहिरातदाराला दाखवीत असे. अभ्यासकांनी अमेरिकेतील राज्यनिहाय आकडे मिळवून त्यांची तुलना तेथील शासकीय सर्वेक्षणाशी केली. व्हेनेझुएलातून शेजारी देशांत मोठ्या संख्येने लोक जाऊ लागल्यानंतर अशाच पद्धतीने त्या विस्थापनाचा मागोवा घेतला गेला आणि तो अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पारंपरिक सर्वेक्षणाचे निष्कर्ष हाती येईपर्यंत मदतकार्याचे नियोजन थांबू शकत नसल्याने अशा अंदाजांना तातडीच्या काळात महत्त्व येते.

या पद्धतीचा सर्वांत व्यापक वापर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झाला. त्यात फेसबुकच्या सुमारे तीन अब्ज वापरकर्त्यांच्या गोपनीयता राखलेल्या नोंदींवरून १८१ देशांमधील मासिक स्थलांतराचे अंदाज काढण्यात आले. त्यानुसार २०२२ मध्ये सुमारे ३.९१ कोटी लोकांनी देश बदलला. कोविड-१९ साथीच्या काळात स्थलांतर ६४ टक्क्यांनी घटले आणि २०२२ मध्ये ते साथीपूर्व पातळीच्या २४ टक्के वर गेले. रशियाच्या आक्रमणानंतर युक्रेनमधून होणारे स्थलांतर दसपट झाल्याचेही त्यात दिसले.

मोबाइल नोंदी

दूरध्वनी कंपन्या देयके आकारण्यासाठी प्रत्येक कॉलची वेळ आणि जवळचा मनोरा यांची नोंद ठेवतात. एस्टोनिया डिसेंबर २००७ मध्ये शेंगेन क्षेत्रात सामील झाल्यावर युरोपीय शेजाऱ्यांशी असलेल्या सीमांवरील तपासणी संपली आणि ये-जा मोजण्याचे साधनही संपले. त्यानंतर त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेने परदेशी प्रवासाची आकडेवारी तयार करण्यासाठी मोबाइल स्थाननोंदींचा आधार घेतला. इंडोनेशियाच्या सांख्यिकी संस्थेनेही २०१६ पासून आप्रवासन चौकी नसलेल्या सीमाभागांतील परदेशी पाहुण्यांची गणना करण्यासाठी अशा नोंदी वापरण्यास सुरुवात केली.

तुर्कस्तानात २०१८ मध्ये तुर्क टेलिकॉम या कंपनीने ‘डेटा फॉर रेफ्युजीज’ हा उपक्रम राबविला. सुमारे १० लाख ग्राहकांच्या निनावी नोंदी निवडक संशोधकगटांना देण्यात आल्या, त्यांपैकी १.८ लाखांहून अधिक ग्राहकांवर ‘निर्वासित’ अशी खूण होती. सीरियन निर्वासितांचे आरोग्य, शिक्षण, बेरोजगारी, सुरक्षितता आणि सामाजिक समावेशन हे अभ्यासाचे विषय होते. ही खूण ग्राहकाच्या ओळखक्रमांकाचा प्रकार, पारपत्र किंवा निर्वासितांसाठीची दरयोजना यांवरून दिलेली असल्यामुळे खूण असलेली प्रत्येक व्यक्ती निर्वासित असेलच असे नव्हते, आणि दुसऱ्याच्या नावावरील सिम वापरणारा निर्वासित त्यात येत नव्हता.

सागरी वाहतूक आणि मासेमारी

जागतिक व्यापारातील ८० टक्क्यांहून अधिक माल वजनाच्या हिशेबाने समुद्रमार्गे जातो. जहाजांची टक्कर टळावी म्हणून स्वयंचलित ओळख प्रणाली ही रेडिओ यंत्रणा तयार झाली. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० टन व त्याहून अधिक स्थूल टनभाराच्या जहाजांवर आणि सर्व प्रवासी जहाजांवर ती २००४ च्या अखेरीपासून सक्तीची झाली. जहाजाची ओळख, स्थान, वेग आणि दिशा ही प्रणाली सतत प्रसारित करते. किनाऱ्यावरील केंद्रांना हे संकेत मर्यादित अंतरापर्यंतच मिळतात. उपग्रहांवरून ते टिपले जाऊ लागल्यावर खुल्या समुद्रातील हालचालीही दिसू लागल्या.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांनी २०२३ मध्ये सुरू केलेले ‘पोर्टवॉच’ हे व्यासपीठ याच संकेतांवरून बंदरांतील आणि सामुद्रधुन्यांतील वाहतुकीचे अंदाज देते. सीमाशुल्काची अधिकृत आकडेवारी काही आठवडे ते महिने उशिरा येते. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस अडकले. अशा प्रसंगी व्यापारावर काय परिणाम होत आहे हे लगेच कळण्यासाठी हे संकेत उपयोगी पडतात.

मासेमारीच्या क्षेत्रात ‘ग्लोबल फिशिंग वॉच’ या संस्थेशी संबंधित संशोधकांनी २०१८ मध्ये ७० हजारांहून अधिक औद्योगिक मासेमारी नौकांच्या २०१२ ते २०१६ मधील हालचालींचा नकाशा मांडला. त्यानुसार जगातील सागरी क्षेत्राच्या ५५ टक्क्यांहून अधिक भागात औद्योगिक मासेमारी होते.

यंत्रणा बंद ठेवणाऱ्या नौका मात्र या नकाशात येत नाहीत. उत्तर कोरियाच्या सागरी हद्दीबाबत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात म्हणून चार स्रोत एकत्र वापरले गेले: ओळख प्रणालीचे संकेत, रडार उपग्रहचित्रे, उच्च विभेदनाची दृश्य उपग्रहचित्रे आणि रात्रीच्या प्रकाशाची चित्रे. माकुळ पकडणाऱ्या नौका रात्री प्रखर दिवे लावतात, त्यामुळे त्या अवकाशातून दिसतात. २०१७ मध्ये ९०० हून अधिक आणि २०१८ मध्ये ७०० हून अधिक चिनी मूळच्या नौका त्या हद्दीत मासेमारी करत असल्याचे निष्पन्न झाले. त्यांनी या दोन वर्षांत १.६ लाख टनांहून अधिक माकुळ पकडल्याचा अंदाज आहे. मोठ्या नौकांशी स्पर्धा टाळण्यासाठी उत्तर कोरियाच्या छोट्या लाकडी होड्या दूर रशियाच्या हद्दीत जाऊ लागल्या असाव्यात, असे संशोधकांनी दाखविले. जपानच्या किनाऱ्याला लागणाऱ्या रिकाम्या किंवा मृतदेह असलेल्या होड्यांचे एक कारण त्यातून पुढे आले.

‘नेचर’मध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात रडारचित्रे आणि ओळख संकेत यांची सांगड घालण्यात आली. जगातील ७२ ते ७६ टक्के औद्योगिक मासेमारी नौकांचा सार्वजनिकरीत्या माग काढता येत नाही, असे त्यात आढळले. अशी न दिसणारी मासेमारी दक्षिण आशिया, आग्नेय आशिया आणि आफ्रिका यांच्या आसपास अधिक होती. केवळ संकेतांवरून काढलेल्या आधीच्या नकाशांत युरोपची किनारपट्टी गजबजलेली आणि आशियाची तुलनेने रिकामी दिसण्यामागे नौकांच्या संख्येइतकाच संकेत देण्याच्या सक्तीतील फरक कारणीभूत होता.

व्यापार आणि संपत्ती

एका देशाची निर्यात ही दुसऱ्या देशाची आयात असते. त्यामुळे दोन्हीकडील आकडे साधारण जुळायला हवेत. न जुळणाऱ्या आकड्यांवरून व्यवहारांतील लबाडी ओळखण्याच्या पद्धतीला ‘आरसा आकडेवारी’ म्हणतात. मुंबईत जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ जगदीश भगवती यांनी १९६४ मध्ये तुर्कस्तानच्या आयातीबाबत हा मार्ग वापरला होता. रेमंड फिसमन आणि शांग-जिन वेई यांनी २००४ मध्ये हाँगकाँगने नोंदविलेली चीनकडील निर्यात आणि चीनने नोंदविलेली हाँगकाँगकडील आयात यांची वस्तुनिहाय तुलना केली. कराचा दर एक टक्काबिंदूने वाढला की करचुकवेगिरी सुमारे तीन टक्क्यांनी वाढते, असा त्यांचा निष्कर्ष होता. यातील माहिती नवी नव्हती. तपशीलवार संगणकीय नोंदींमुळे ती एकत्र मांडणे शक्य झाले.

परदेशांत लपविलेल्या संपत्तीचा अभ्यास अशा विसंगतींवरच उभा राहिला. गॅब्रिएल झुकमन यांनी २०१३ मध्ये देशोदेशीच्या गुंतवणूक नोंदींतील तफावतीवरून जगातील कुटुंबांच्या वित्तीय संपत्तीपैकी सुमारे ८ टक्के संपत्ती करआश्रयी देशांत असल्याचा अंदाज मांडला. एप्रिल २०१६ मध्ये ‘पनामा पेपर्स’ उघड झाले. मोसॅक फोन्सेका या विधी संस्थेची सुमारे १.१५ कोटी कागदपत्रे आणि २.१४ लाख परदेशी कंपन्यांची माहिती त्यात होती. ती शोधपत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संघाने अनेक देशांतील वृत्तसंस्थांच्या सहकार्याने तपासली.

आनेट अल्स्टाडसेटर, नील्स योहानेसेन आणि झुकमन यांनी २०१९ मध्ये पनामा पेपर्स आणि स्वित्झर्लंडमधील एका बँकेच्या फुटलेल्या नोंदी यांची नॉर्वे, स्वीडन व डेन्मार्क येथील संपत्तीच्या अधिकृत नोंदींशी सांगड घातली. सर्वांत श्रीमंत ०.०१ टक्के कुटुंबे देय करापैकी सुमारे २५ टक्के कर चुकवितात, असे त्यात दिसले. सर्वसाधारण करतपासणीत हे प्रमाण दिसत नाही. फुटलेली कागदपत्रे मात्र एखाद्याच संस्थेची असतात. इतर संस्थांचे ग्राहक त्याच प्रकारचे असतील असे गृहीत धरता येत नाही.

सामाजिक नाती आणि ज्ञानाची देवाणघेवाण

‘सामाजिक जोडणी निर्देशांक’ हा फेसबुकवरील मैत्रीच्या दुव्यांवरून काढला जातो. दोन प्रदेशांतील वापरकर्ते एकमेकांचे मित्र असण्याची सापेक्ष शक्यता तो दर्शवितो. १७० देशांसाठी हा निर्देशांक वापरून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, ज्या देशांतील लोकांचे परस्परसंबंध अधिक त्यांच्यातील व्यापारही अधिक असतो. विशेषतः ज्या वस्तूंची प्रत दुरून ओळखणे अवघड असते त्यांच्याबाबत हे अधिक जाणवते. सामाजिक जोडणी विचारात घेतल्यावर भौगोलिक अंतर आणि राष्ट्रीय सीमा यांचा व्यापारावरील परिणाम बराच कमी भरतो. व्यापाराला अंतर आड येते असे अर्थशास्त्रात दीर्घकाळ मानले गेले. त्यातील काही भाग ओळखीच्या अभावाचा असू शकतो, असे यावरून सूचित होते.

संशोधकांच्या स्थलांतरासाठी प्रकाशित लेखांवरील संस्थांचे पत्ते वापरले जातात. लेखकाचा पत्ता एका देशातून दुसऱ्या देशात गेला की स्थलांतर नोंदले जाते. समान नावांमुळे होणारा गोंधळ कमी करण्यासाठी २०१२ मध्ये सुरू झालेली ‘ऑर्किड’ ही संशोधक-ओळखक्रमांकाची व्यवस्था उपयोगी ठरते. इंग्रजीखेरीज इतर भाषांतील नियतकालिके प्रमुख सूचींमध्ये कमी असल्याने त्या भाषांत लिहिणारे अभ्यासक या चित्रात कमी दिसतात.

ऐतिहासिक अभिलेख

नवा स्रोत नेहमी आजच्या काळाचाच असतो असे नाही. अटलांटिक गुलामव्यापारातील जहाजफेऱ्यांचा विदासंच १९९९ मध्ये सीडी स्वरूपात आणि २००८ पासून महाजालावर उपलब्ध झाला. त्यात सुमारे ३६ हजार फेऱ्यांची माहिती असून त्यावरून आफ्रिकेतून जहाजांवर चढविलेल्या लोकांची संख्या सुमारे १.२५ कोटी असल्याचा अंदाज काढण्यात आला आहे. पोर्तुगीज, ब्रिटिश, फ्रेंच, डच आणि स्पॅनिश दप्तरे स्वतंत्रपणे पाहिली असता ही साखळी एकत्र दिसत नव्हती.

गिरमिटिया मजुरांच्या इतिहासातही अशी दप्तरे महत्त्वाची आहेत. १८३४ ते १९२० या काळात भारतातून सुमारे पाच लाख मजूर मॉरिशसमधील आप्रवासी घाट येथे उतरले; या घाटाचा २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. कलकत्ता आणि मद्रास यांबरोबरच मुंबई बंदरातूनही मजूर पाठविले गेले. मॉरिशसमधील मराठी भाषक समाज मुख्यतः या मुंबईमार्गे गेलेल्या मजुरांचा वारसदार आहे. आगमनाच्या नोंदी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आहेत. मजुराचे नाव, वय, मूळ गाव आणि जहाज अशी माहिती त्यांत आढळते. परक्या कारकुनांनी ऐकून लिहिलेली नावे आणि गावे भारतीय दप्तरांशी जुळविताना संगणकीय तुलना अपुरी पडते. त्यासाठी मराठी व्यक्तिनामे आणि कोकणातील ग्रामनामे यांची जाण असणारा अभ्यासक लागतो.

पडताळणी आणि मर्यादा

निवडीचा दोष

व्यासपीठ वापरणारे लोक ही संपूर्ण लोकसंख्या नसते. समजा, एखाद्या शहरात परदेशातून आलेले १ लाख लोक राहतात आणि त्यांपैकी ६० टक्के एक समाजमाध्यम वापरतात. त्या माध्यमाच्या नोंदीत ६० हजार लोक दिसतील. पुढील वर्षी एकही नवी व्यक्ती आली नाही, पण वापर ७५ टक्क्यांवर गेला, तर नोंदीत ७५ हजार लोक दिसतील. स्थलांतर २५ टक्क्यांनी वाढल्याचा भास होईल. प्रत्यक्षात केवळ माध्यमाचा प्रसार वाढलेला असेल. म्हणून वय, लिंग आणि मूळ देश यांनुसार वापराचे प्रमाण जाणून आकडे दुरुस्त करावे लागतात. हे प्रमाण जनगणना किंवा प्रातिनिधिक सर्वेक्षण यांवरूनच कळते. त्यामुळे अधिकृत आकडेवारी जितकी जुनी, तितकी नव्या स्रोतांची दुरुस्तीही कच्ची राहते. काही देश संपूर्णपणे वगळले जातात. चीनमध्ये २००९ पासून फेसबुक उपलब्ध नसल्यामुळे त्यावर आधारित जागतिक अंदाजांत तो देश स्वतंत्रपणे हाताळावा लागतो किंवा सोडावा लागतो.

मोजमाप बदलणे

कंपन्या आपल्या यंत्रणांत व्यावसायिक कारणांसाठी बदल करतात आणि त्यांचे तपशील सहसा जाहीर करत नाहीत. गुगलने २००८ मध्ये सुरू केलेला ‘फ्लू ट्रेंड्स’ हा उपक्रम याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. शोधशब्दांवरून इन्फ्लुएंझाचा प्रसार सांगणारी ही प्रणाली २०१२-१३ च्या हंगामात प्रत्यक्षाच्या जवळपास दुप्पट आकडे देत होती. शोधयंत्रातील बदल आणि लोकांच्या शोधण्याच्या सवयी यांचा त्यात वाटा होता.

भाषा

गुगलवरील शोधशब्दांवरून स्थलांतराचा अंदाज घेणाऱ्या २०२० मधील एका अभ्यासात इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश या तीन भाषांतील शब्द वापरले होते. अशा पद्धतीत इतर भाषांतून शोध घेणाऱ्यांचा हेतू टिपला जात नाही. भारतीय भाषा देवनागरीसारख्या स्वतःच्या लिपीत तसेच रोमन लिपीतही टंकलिखित होतात, त्यामुळे हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो.

वर्गीकरणाचा प्रश्न: गोव्याचे उदाहरण

एकच व्यक्ती वेगवेगळ्या स्रोतांत वेगवेगळ्या देशाची ठरू शकते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्या व्यक्तींना आणि त्यांच्या पुढील दोन पिढ्यांना पोर्तुगालच्या कायद्यानुसार तेथील नागरिकत्व मिळविता येते. भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नसल्याने अशा व्यक्तीला भारतीय पारपत्र सोडावे लागते. युनायटेड किंग्डम युरोपीय संघाच्या मुक्त संचार व्यवस्थेत असताना, म्हणजे २०२० च्या अखेरीपर्यंत, अनेक गोवेकर पोर्तुगीज पारपत्रावर तेथे स्थायिक झाले. स्विंडन शहरातील गोवेकर समाज हे त्याचे परिचित उदाहरण आहे.

नागरिकत्वानुसार केलेल्या नोंदीत हे लोक पोर्तुगीज म्हणून गणले जातात, तर जन्मस्थानानुसार केलेल्या नोंदीत ते भारतीय ठरतात. समाजमाध्यम त्यांना पूर्वी भारतात राहिलेले म्हणून दाखविण्याची शक्यता असते, आणि भाषेच्या आधारे पाहिल्यास ते कोकणी किंवा मराठी भाषक असतात. इंग्लंड व वेल्सच्या जनगणनेत जन्मदेश आणि पारपत्र असे दोन्ही प्रश्न विचारले जात असल्याने तेथे हा समूह ओळखता येतो. केवळ एकच निकष असलेल्या स्रोतात तो दुसऱ्या समूहात मिसळून जातो. नव्या आणि जुन्या स्रोतांतील तफावत ही प्रत्येक वेळी चूक नसते, तर भिन्न प्रश्नांची भिन्न उत्तरे असू शकतात, हे या उदाहरणातून स्पष्ट होते.

गोपनीयता आणि नैतिक प्रश्न

नावे काढून टाकली तरी व्यक्ती ओळखता येणार नाही याची हमी नसते. इव्ह-अलेक्झांड्र द मोंजोय आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये १५ लाख लोकांच्या पंधरा महिन्यांच्या मोबाइल नोंदी तपासल्या. स्थळ आणि वेळ यांचे केवळ चार बिंदू ९५ टक्के व्यक्तींना इतरांपासून वेगळे ओळखण्यास पुरेसे होते. त्यामुळे अशा नोंदी मोठ्या भूभागांनुसार आणि मोठ्या कालखंडांनुसार एकत्रित करणे, लहान संख्या दडविणे किंवा आकड्यांत नियंत्रित यादृच्छिक फेरफार करणे हे उपाय योजले जातात. या उपायांनी सुरक्षितता वाढते. त्याबरोबर लहान समूहांविषयीचे आकडे कमी विश्वसनीय होतात.

निर्वासित आणि कागदपत्रे नसलेले स्थलांतरित यांच्याबाबत धोका अधिक गंभीर असतो. मदत पोहोचविण्यासाठी काढलेला नकाशा त्यांना अडविण्यासाठीही वापरता येतो. युरोपीय आश्रय साहाय्य कार्यालय समाजमाध्यमांवरून स्थलांतराच्या मार्गांची माहिती संकलित करीत होते. या कामाला पुरेसा कायदेशीर आधार नसल्याचे सांगून युरोपीय विदा संरक्षण पर्यवेक्षकाने २०१९ मध्ये त्यावर बंदी घातली. युरोपीय संघाचा सर्वसाधारण विदा संरक्षण नियम मे २०१८ पासून लागू आहे. भारताच्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये संशोधन आणि सांख्यिकी यांसाठी सवलतीची तरतूद आहे. मात्र त्या माहितीचा उपयोग विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घेण्यासाठी करता येत नाही.

माहितीची उपलब्धता

या क्षेत्रातील बरीच माहिती खासगी कंपन्यांच्या ताब्यात असते. ट्विटरने २०२३ मध्ये संशोधकांना उपलब्ध असलेला मोफत प्रवेश बंद केला आणि मेटाने ऑगस्ट २०२४ मध्ये ‘क्राउडटँगल’ हे साधन बंद केले. परिणामी आधीच्या अभ्यासांची त्याच स्रोतावरून फेरतपासणी करणे अवघड झाले. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा अधिनियमातील ४० व्या कलमात मोठ्या व्यासपीठांवरील माहिती पात्र संशोधकांना उपलब्ध करून देण्याची तरतूद आहे.

भारतातील संदर्भ

भारतातून बाहेर जाणाऱ्यांची अधिकृत आकडेवारी अंशतःच उपलब्ध आहे. उत्प्रवासन अधिनियम, १९८३ नुसार ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जाणाऱ्या आणि मंजुरी आवश्यक असलेल्या कामगारांचीच मंजुरी-नोंद होते. दहावी उत्तीर्ण व्यक्तींना ही मंजुरी लागत नाही. त्यामुळे आखाती देशांतील बांधकाम मजूर या आकड्यांत येतो, पण परिचारिका वगळता बहुतेक शिक्षित कर्मचारी येत नाहीत. भारत आणि नेपाळ यांच्यातील सीमा खुली असल्याने तेथील ये-जा पारपत्राच्या नोंदीत उतरत नाही. केरळमध्ये १९९८ पासून तिरुवनंतपुरम येथील विकास अध्ययन केंद्राने घेतलेल्या कौटुंबिक सर्वेक्षणांनी ही उणीव त्या राज्यापुरती बरीच भरून काढली. नव्या स्रोतांवरील अंदाज तपासण्यासाठी अशी सर्वेक्षणे उपयुक्त मानली जातात. भारताची शेवटची जनगणना २०११ मध्ये झाली असून पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख जाहीर करण्यात आली आहे.

आंतरराष्ट्रीय प्रयत्न

डिसेंबर २०१८ मध्ये माराकेश येथे स्वीकारलेल्या स्थलांतरविषयक जागतिक कराराचे पहिले उद्दिष्ट अचूक आणि तपशीलवार माहिती गोळा करून तिचा वापर करणे हे आहे. आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेचे जागतिक स्थलांतर विदा विश्लेषण केंद्र २०१५ पासून बर्लिन येथे कार्यरत आहे. या केंद्राने युरोपीय आयोगाच्या सहकार्याने २०१८ मध्ये ‘बिग डेटा फॉर मायग्रेशन अलायन्स’ सुरू केला. राष्ट्रीय सांख्यिकी संस्था, कंपन्या आणि संशोधक यांच्यात सहकार्य घडविणे आणि माहितीच्या जबाबदार वापराला चालना देणे हे त्याचे उद्देश आहेत.